खळ्यावरून गेलेली रेघ

कळसाडी, ता. शहादा
१८ मे २०२५

मा. महोदया,
स. न. वि. वि.

मी म्हसावदच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. भूपट्ट कसे सरकले ते दाखवणारं आपलं सॉफ्टवेअर आपण मराठीत आणि फुकट उपलब्ध करून दिलंत, त्याबद्दल आभार. ‘मदत’ या कप्प्यात अगदी खाली ‘सूचना पाठवा’ अशी खिडकी सापडली. वापरताना ज्या अडचणी आल्या त्या कळवतो.

पहिली अडचण काळाच्या पट्टीची. माउसला जरा धक्का लागला की पाच कोटी वर्षं जातात. नववीच्या वर्गाला भारत आफ्रिकेपासून सुटताना दाखवायचा होता. बोट घसरलं आणि भारत थेट आशियाला जाऊन धडकला, मधला सगळा प्रवास गुल. मुलं म्हणाली, सर, परत. परत आणायला गेलो तर तो भलतीकडेच. वर्ष आकड्यात लिहायची सोय करावी.

शिवाय चुकून एखादा पट्ट ओढला गेला तर ‘होतं तसं करा’ असं बटण कुठेच नाही. माझ्याकडून एकदा अख्खा भारत मादागास्करला चिकटला आणि तास संपेपर्यंत तिथेच राहिला.

आणि एक. जवळ जाऊन बघायला आपण काही मर्यादाच ठेवलेली नाही. जग दिसतं, मग देश, मग जिल्हा, मग आपलं गाव, तरी चाक फिरवत राहिलं की नकाशा मोठाच होत जातो. रेषा मात्र तेवढीच ठळक. हे बरोबर नाही. या सूचनेकडे विशेष लक्ष द्यावं ही विनंती.

दामिनी, ‘आपला विश्वासू’ लिहायला गेलो आणि हात अडला. मी गोपाल आहे, तुझा भाऊ. तुझा नवा नंबर आमच्यापैकी कुणाकडे नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव दिसलं, म्हणून या खिडकीतून लिहितोय. जर्मनीत बसून मराठी सूचना वाचणारी दुसरी कोण असणार?

आप्पा बरे आहेत. घराचं काम थोडं थांबलंय. बाकी ठीक.

गोपाल


कळसाडी
१ जून २०२५

दामिनी,

पाठवल्याबरोबर उत्तर आलं, ‘तुमची सूचना पोहोचली. आभारी आहोत.’ मी उडालोच. यामिनीला हाक मारून दाखवलं. तुझी वहिनी माझ्याहून हुशार, ती म्हणाली, हे सगळ्यांनाच येत असणार. मी दुसरी एक खोटी सूचना पाठवून बघितली. तेच उत्तर आलं.

मागच्या पत्रात घराचं काम थांबलंय असं लिहिलं, ते कुठलं घर हे तुला कळलं नसेल. आप्पांनी खळ्याच्या जागेवर दोन खोल्या काढायला घेतल्या होत्या. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. आता थांबल्यात, आणि त्यात तुमच्या सॉफ्टवेअरचा मोठा हात आहे, हे मला सांगायचंय.

एप्रिलमध्ये इकडे जमीन थोडी हलली. मांडणीवरची भांडी वाजली, बांधलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, एवढंच. पण लोक धास्तावले. सरपंच घरी आले, म्हणाले, सर, तुम्ही भूगोलवाले, जरा गावाला समजावून सांगा. दामिनी, या गावाने मला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं. एरवी मी नथ्थू पाटलाचा मास्तर मुलगा, ज्याला कापसातलं ओ की ठो कळत नाही.

शाळेचा प्रोजेक्टर आणला. मारुतीच्या मंडपात यामिनीची चादर बांधली. भारत सरकताना दाखवला, लोक अगदी गप्प बसून बघत होते. मग नर्मदा-तापीच्या अंगाने जाणारी ती जुन्या भेगेची रेषा दाखवली. ती तुम्ही लाल का ठेवलीत? लाल म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी घाबरतो, मग विचारतो. चुडामणकाका अगदी पुढे बसले होते. म्हणाले, “मास्तर, आपलं गाव दखाड ना.”

मी चाक फिरवत गेलो. चादरीवर रेषा फिकट दिसत होती, म्हणून तिची जाडी वाढवली. जाड झालेली रेषा बरोबर आपल्या खळ्यावर येऊन बसली.

“नथ्थूभाऊ, रेघ तुन्हा खळावरथीन जाई ऱ्हायनी!” काका ओरडले. झालं. लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी काकांनी मोबाइलमधला फोटो बघत बघत मारुतीच्या पारापासून खळ्यापर्यंत चुन्याची फक्की मारली, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. ती आपल्या नव्या भिंतींच्या मधून गेली. गवंडी म्हणाला, मी रेघेवर काम करणार नाही.

तेव्हा सूचना अशी की नकाशा ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा केला की रेषा आपोआप पुसट व्हावी, किंवा तिचा रुंद पट्टा व्हावा, म्हणजे बघणाऱ्याला समजेल की ही सुतळी नाही.

हे यामिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.” बायकोला काय जातं बोलायला.

गोपाल


कळसाडी
२२ जून २०२५

दामिनी,

आणखी एक सूचना. ‘चित्र साठवा’ म्हटलं की जे चित्र तयार होतं, त्यावर ना प्रमाण येतं, ना एखादी सूचनेची ओळ. सभेतलं ते चित्र मोबाइलवरून सारंगखेड्यापर्यंत गेलं. तिकडून कुणीतरी त्यावर मोठ्या अक्षरात ‘कळसाडी दुभंगणार’ असं लिहून परत पाठवलं. परवा शेजारच्या गावचा एक माणूस शाळेत आला. त्याने अगदी अजिजीनं विचारलं, “सर, रेघ जराशी बाजूला घेता येईल का? आमचा गोठा मध्ये येतोय.” आधी मला हसू आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू जिरलं.

खळ्यात ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्यांचे दगड झालेत. ताडपत्री टाकायची राहिली. कोणी टाकायची होती, ते विचारू नकोस.

आप्पांचं मला कळत नाही. मला वाटलं होतं, काम थांबल्यावर ते चिडतील, निदान दोन दिवस जेवणार नाहीत. तसं काहीच नाही. उलट सकाळी धुतलेला सदरा घालून पारावर जाऊन बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगतात, “मन्ही पोरनी तठेन सांगं, आठे बांधू नका.” माय गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

‘मन्ही पोरनी सांगं’ हे त्यांच्या तोंडात कुठून आलं, हे तू विचारशील. मागच्या पत्रात मी तेवढं गाळलं होतं.

त्या दिवशी रेषा खळ्यावर आली आणि काका ओरडले. आप्पा उभे राहिले. मला म्हणाले, “खरंच का रे?” सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, “दामिनीनी सांगेल शे आप्पा. आठे बांधू नका म्हनस ती.”

मी तुझं नाव घेतलं. माझ्या शब्दावर आप्पा थांबले नसते. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आजवर बैलाची वेसणसुद्धा बदललेली नाही. तुझं नाव घेतल्याबरोबर ते खाली बसले. म्हणाले, “पोर नको म्हनस ना? मंग नको.”

म्हणजे तू तिकडे असताना इथे तुझ्या तोंडाने मी बोललो. हे लिहितानाही कान गरम होतात. यामिनीला हे तेव्हाच कळलं होतं, ती चादरीमागेच उभी होती. तिने मला वाढलं, पण दोन दिवस बोलली नाही.

गोपाल


कळसाडी
२० जुलै २०२५

दामिनी,

तुझ्याकडून काही नाही. ‘तुमची सूचना पोहोचली’ तेवढं येतं. मी ते आता वाचतसुद्धा नाही.

‘मदत’ कप्प्याच्या तळाशी तुम्ही एक ओळ लिहिली आहे. ‘या रेषा जगाच्या नकाशासाठी आहेत. प्रत्यक्षात त्या पन्नास किलोमीटर इकडे-तिकडे असू शकतात. गाव किंवा घर ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये.’ मी ठरवलं होतं, या पत्रात लिहायचं की ही ओळ अशी तळघरात का ठेवलीत, ती पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरात हवी, वाचल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

पण खरं सांगतो. ती ओळ मी सभेच्या आदल्या दिवशी वाचली होती. ‘सूचना पाठवा’ ही खिडकी तिच्या खालीच तर आहे.

आणि रेषा खळ्यावर नव्हती. ती तिकडे पाटाच्या अंगाने जात होती. मी जाडी वाढवत नेली, ती खळ्यावर येईपर्यंत. प्रोजेक्टर फिकट होता हे खरं, पण इतका फिकट नव्हता. आता सांग, असा वापरणारा असेल तर तुम्ही बटणं कुठे ठेवता याने काय फरक पडतो? यावर काही सुधारणा सुचत असली तर तूच मला कळव.

का केलं तेही लिहितो, आता राखून काय उपयोग. तुझं नाव त्या यादीत मीच आप्पांना दाखवलं होतं, मार्चमध्ये. दामिनी नथ्थू पाटील. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. “मन्हं नाव ठेयेल शे तिनी,” म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याचं ते लग्न तू पत्रिका वाटून झाल्यावर मोडलंस, तेव्हा याच माणसाने “मन्हाकरता तू मरी गई” म्हटलं होतं. त्याच्यानंतर त्यांनी तुला किती फोन लावून बघितले, ते मी पाहिलंय. ते बंद पडलेल्या नंबरावर लावायचे.

नाव बघितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते फावडं घेऊन खळ्यात गेले. दोन खोल्यांतली मोठी तुझी. “दामिनीनी खोली,” असंच म्हणायचे. संगणकाचं बटण कुठे, टेबल कुठे, तिला पुस्तकं ठेवायला कोनाडा लागेल का, हे मला विचारायचे. मला! मी इथे आहे, त्यांची रक्तदाबाची गोळी मी आणतो, रात्री पाय मी चेपतो, माझ्यासाठी त्यांनी कधी एक वीट लावली नाही. आणि जी पोर साधा फोन करत नाही तिला खोली. तीही खळ्यात, जिथे शिकवणीचे वर्ग काढायचे असं मी कधीपासून मनात धरून बसलो होतो. ते मी आप्पांना कधी बोललोही नव्हतो. न बोलता त्यांना कळावं अशी माझी अपेक्षा.

राग आला, दामिनी. चाळिशी ओलांडलेला माणूस, वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा, बहिणीच्या खोलीवर जळलो. आणि जळलो तोही तुझ्याच सॉफ्टवेअरचा आधार घेऊन. मला माझीच किळस आली आहे. वर्गात भूपट्टांचा धडा आला की मी आता पुस्तकातून वाचून दाखवतो आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.

दोन आठवड्यांनी, श्रावणात, घरी कानबाई देवी बसेल. सगळी भावकी रोटाच्या प्रसादाला आपल्याकडे असते. तिथे सगळ्यांसमोर सांगायचं, असं मी ठरवलंय. यामिनी म्हणाली, “तुम्हनी रेघ तुम्हीच पुशी टाका. नही ते मी पुससू.” ती पुसेल, तिचा भरवसा नाही.

गोपाल


कळसाडी
४ ऑगस्ट २०२५

दामिनी,

सांगितलं.

काल रविवारी कानबाई बसली. तुला आठवत असेल, रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ घेऊन मोजतात. आप्पांनी त्यांची मूठ काढली, माझी काढली, मग तुझ्या नावाची काढली. तू गेल्यापासून दर वर्षी काढतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. चुडामणकाका दर वर्षी कुरकुरतात तसे यंदाही कुरकुरले, “पोरना नावनी मूठ ऱ्हास का कधी?” आप्पा म्हणाले, “आमना घरमा ऱ्हास.”

पंगत बसली. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं वाढून झालं होतं. कुणी घास घ्यायच्या आत मी उभा राहिलो. म्हणालो, ती रेघ कळसाडीत नाही. ती नक्की कुठे आहे हे एवढ्या जवळून कुणालाच सांगता येत नाही, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. दामिनीशी माझं तीन वर्षांत एक अक्षर बोलणं झालेलं नाही. जे सांगितलं ते मी सांगितलं.

भजी तळणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या. मग चुडामणकाका म्हणाले, “अरे मास्तर, मन्हा चुना गया ना फुकट!” दोघं-तिघं हसले. पण ते हसणं टिकलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, “हाई शिकेल माणूस!” सरपंच माझ्याकडे न बघता म्हणाले, पुन्हा सभेला तुम्हाला बोलावणार नाही, सर. या सगळ्याची मी मनाची तयारी करून गेलो होतो. शिव्या खायच्या, मान खाली घालायची, मग हलकं वाटेल, असा माझा हिशोब होता.

आप्पांची तयारी मी केली नव्हती.

ते ताटाकडे बघत होते. म्हणाले, “म्हनजे तिनी काहीच सांगेल नही?”

“नही, आप्पा.”

“मी समजनू, पोरनी इतला दिनमा काहीतरी निरोप धाडा.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. “नको म्हनी ते म्हनी. पन मन्हासंगे बोलनी, असं मी समजनू.”

मग ते जेवले. रोट टाकून उठत नाहीत म्हणून जेवले.

दामिनी, तेव्हा मला कळलं ते धुतलेला सदरा घालून पारावर का बसत होते. घर अडलं त्याचं त्यांना काही नव्हतं. नकार का असेना, पण तू त्यांना काहीतरी सांगितलंस, ते गावाला दाखवत फिरत होते. मी खोटं बोलून त्यांची खोली काढून घेतली, आणि खरं बोलून तो निरोप काढून घेतला. खरं बोलल्यावर माणूस मोकळा होतो म्हणतात. मी नाही झालो. मला कालपासून त्यांच्यासमोर बसवत नाही.

आज सकाळी कानबाई पाण्यात शिरवून आलो, तर आप्पा परस्पर खळ्यात गेलेले. चुना पावसाने कधीच वाहून गेला होता. ते कमरेएवढ्या भिंतींच्या आत उगवलेलं गवत विळ्याने काढत होते. मीही विळा घेऊन शेजारी बसलो. त्यांनी मला जा म्हटलं नाही. आम्ही दोघांनी मिळून तुझी खोली साफ केली. दगड झालेल्या गोण्या ओढून बाहेर टाकल्या. गवंड्याला उद्या परत बोलावलंय, तो आढेवेढे घेत का होईना, येतो म्हणाला.

दुपारी ते स्वतःहून माझ्या संगणकाजवळ येऊन बसले. आत्ताही इथेच बसलेत. मी या खिडकीतून तुला लिहितो, हे मी त्यांना सांगितलं. लिहिलेलं त्यांना दाखवलं. ‘तुमची सूचना पोहोचली. आभारी आहोत’ हेही दाखवलं. त्यांनी विचारलं, “हाई ती बोलनी का?” तोंडाशी ‘हो’ आलं होतं, दामिनी. त्यांचं तोंड बघून कुणीही हो म्हटलं असतं. मी म्हणालो, नाही आप्पा, हे यंत्र सगळ्यांनाच सांगतं. त्यांनी मान हलवली.

माझी शेवटची सूचना. या खिडकीत ‘पाठवा’ असं एकच बटण आहे. मिळालेल्या सूचनेला माणसाला उत्तर देता येईल, अशी काही सोय तुमच्या बाजूला असली तर ती वापर. मला नको लिहूस. मला तू कधीच लिहिलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही, तो हक्क मी घालवला आहे.

आप्पा म्हणतायत, रेघेबद्दल पुष्कळ लिहून झालं, आता मी सांगतो तेवढंच लिही. त्यांच्याच शब्दांत लिहितो, माझा एकही शब्द न घालता.

“खिडकी सातपुडाकडे ठेऊ का तापीकडे, इतलंच इचार तिले.”

चौकट दोन्हीकडे बसते. भिंत खिडकीपर्यंत आणून थांबवतो.

गोपाल